तेराव्यानंतरचं घर

प्रश्न असा आहे: "माझा दादा यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीनची शेती करायचा. चैत्रात त्यानं आत्महत्या केली. आदल्या रात्री साडेनऊला त्याचा फोन आला होता. मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. आई माझ्याशी आता धड बोलत नाही. ७ वर्षांच्या पुतण्याला आम्ही 'बाबाला हार्ट अटॅक आला' असं सांगितलंय. परवा वहिनी फोनवर म्हणाली, 'मले बी आता त्याईच्याकडंच जा लागते.' मी काय करू?"

ताई, तुम्ही ज्या क्रमानं लिहिलंय त्या क्रमानं मी उत्तर देत नाही. वहिनीचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलंय, जाता जाता सांगावं तसं. माझ्यासाठी ते पहिलं आहे. तुमचा न उचललेला फोन, आईचा अबोला, पुतण्याला काय सांगायचं, हे सगळं आठ दिवस थांबेल. वहिनीचं वाक्य थांबणार नाही.

आज संध्याकाळी फोन करा. सासूबाई शेजारी बसलेल्या नसतील अशी वेळ बघा आणि सरळ विचारा: "वहिनी, परवा तू बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. जीव द्यावा असं मनात येते का तुझ्या?" अगदी याच शब्दांत. "काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?" असं विचारू नका. त्या 'नाही ना'मध्ये उत्तर तुम्हीच देऊन टाकलेलं असतं, समोरच्या माणसानं फक्त मान डोलवायची. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात जातो, ही भीती जवळपास प्रत्येक नातेवाइकाला वाटते. तसं होत नाही. यावर अभ्यास झालेले आहेत, आणि माझ्या समुपदेशनाच्या २२ वर्षांच्या कामात मी हा प्रश्न हजारो वेळा विचारलाय. बहुतेक वेळा समोरचं माणूस आधी गप्प होतं, मग रडतं, आणि मग त्याचे खांदे खाली येतात. इतके दिवस एकट्यानं धरलेलं कोणीतरी हातात घेतलेलं असतं.

ती "हो" म्हणाली तर घाबरून उपदेश सुरू करू नका. आपल्या तोंडात तयार असलेलं वाक्य म्हणजे "असं बोलू नको, लेकराकडं बघ." लेकराकडं ती बघतेच आहे. तिला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की याबद्दल बोलायची परवानगी नाही. त्याऐवजी पुढचं विचारा. असं किती वेळा वाटतं? रात्री जास्त वाटतं का? कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंय का? नुसतं "जगू नये वाटतं" आणि "कसं, कधी ते ठरलंय" यांत फार मोठं अंतर आहे. दुसरं उत्तर आलं तर त्या रात्री तिला एकटं ठेवायचं नाही. जवळचं कोणीतरी घरात झोपायला बोलवा आणि दुसऱ्या दिवशीची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात न्या. गाडी नसेल तर १०८. तुम्ही पुण्यात, ती गावात, मधे ६००-७०० किलोमीटर. म्हणून १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर तुमच्या आणि तिच्या, दोघींच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं हे समजून घ्यायला आधी तुम्ही स्वतः तिथं फोन केलात तरी चालतो.

आता जरा अवघड गोष्ट. आषाढ चालू आहे, कपाशीच्या फवारण्यांचे दिवस. आपल्याकडे भाषेनं एक विचित्र घोळ घालून ठेवलाय: डॉक्टर देतो तेही औषध आणि कृषी केंद्रातून येतं तेही औषध. ते घरात, धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेलं असतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. शेती आता कोण बघतंय? काका, चुलतभाऊ, बटईदार? जो कोणी असेल त्याला तुम्ही स्वतः फोन करा. फवारणीचं सगळं त्याच्या घरी, कुलपात राहील. लागेल तेवढंच, लागेल त्या दिवशी आणायचं, उरलेलं परत वहिनीच्या घरात येणार नाही. कारण सांगायला संकोच वाटला तर "लहान पोरगं आहे घरात" म्हणा, तेही खोटं नाही. आईच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटंही एका जागी, कोणाच्या तरी ताब्यात राहू द्या.

ज्याला मरायचंय तो काहीतरी मार्ग शोधेलच, असं मला डॉक्टरांनीसुद्धा ऐकवलंय. आकडे वेगळं सांगतात. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या २० वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. तिथली माणसं काही अचानक सुखी झाली नाहीत. टोकाची ती घटका पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं, आणि ती घटका टळली तर जगायची इच्छा परत डोकं वर काढते. प्रयत्नातून वाचलेल्या १० जणांतले सुमारे ९ जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

पोलिसांची भीतीही असेल. "दवाखान्यात खरं सांगितलं तर केस होईल" असं म्हणून लोक उलट्या-जुलाबाच्या नावाखाली भरती करतात आणि खरा आजार कागदावर येतच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा नाही आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलंच नाही. वहिनीच्या मनात नुसते विचार आहेत, तर पोलिसांचा प्रश्नच येत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर एवढंच लक्षात ठेवा: नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे फार. आणि सुरुवातीच्या त्या आठवड्यांतच जास्त लक्ष ठेवायचं असतं.

आता मी माझी चूक सांगते, कारण मला जे सांगायचंय ते तिथूनच शिकले. कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. एका दवाखान्यात आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक पस्तिशीतला माणूस माझ्यासमोर बसला. दीड तास बोललो. छान बोलला, हसलासुद्धा. बायकोनं पेढे आणले होते. मी कागदावर 'सुधारणा' लिहिलं, महिन्यानं या म्हणाले. फोन नंबर घेतला नाही, त्याच्या गावच्या आशाताईंना सांगितलं नाही. महिना संपायच्या आत त्याचा भाऊ एकटाच आला. मी काही वाईट बोलले नव्हते, समुपदेशन पुस्तकाबरहुकूम झालं होतं. फक्त त्यानंतर कोणीच त्याच्याकडे गेलं नाही, मीही नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास वाचनात आला. पाच देशांतली पाच ठिकाणं, त्यांत आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय तासाभराची एक माहितीची बैठक, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. नवं औषध वगैरे काही नाही, नुसतं "कसं चाललंय?" दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. मी तो तक्ता बराच वेळ बघत बसले होते. मला तो माणूस आठवत होता.

तुमच्या घरात आत्ता नेमकी हीच जागा रिकामी आहे. दादा गेला तेव्हा १३ दिवस घर माणसांनी भरलं असेल. चुली बंद, शेजारून डबे, आमदाराचा माणूस, तलाठी, पत्रकार. तेरावा झाला, पंगत उठली, सतरंज्या परत गेल्या. आणि सुन्नपणा उतरायला लागतो तो साधारण त्याच्यानंतरच. तोवर तर वहिनी चहा करत होती आलेल्यांसाठी. चौथ्या महिन्यात "आता सावरायला पाहिजे" असं लोक म्हणायला लागतात, आणि माझ्या अनुभवात हाच काळ सगळ्यात धोक्याचा. म्हणून तुमच्याकडून मला मोठं काही नको. आठवड्याचा एक वार ठरवा. गावच्या बाजाराचा वार असेल तर उत्तम, तो तिला लक्षात राहील. त्या वारी न चुकता फोन करायचा. बोलायला विषय लागत नाही. डाळ काय भाव आहे, मोटार दुरुस्त झाली का, हे पुरतं. दर दोन-तीन फोनांनी मात्र तो वरचा प्रश्न परत विचारायचा. एकदा "नाही" आलं म्हणजे कायमचं नाही आलं असं नसतं. तिच्या माहेरच्या एका माणसाला आणि गावातल्या आशाताईंना यात घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे, यवतमाळ त्यात येतं. आशाताईंना घरोघरी ताणाची लक्षणं बघायचं प्रशिक्षण त्यातूनच मिळालंय. कामाचा रगाडा त्यांच्यामागेही आहे, पण नाव घेऊन सांगितलं तर त्या जातात.

पैशाचं बोलून घेते, कारण रात्रीच्या त्या विचारांत पैसा असतोच. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात शासनाची १ लाखाची मदत मिळते. त्यासाठी कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा असे निकष लावतात आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. या शब्दानं घरं मोडताना पाहिलीत मी. 'अपात्र' हा शेरा फाइलवरचा असतो, पण विधवा बाईला वाटतं की नवऱ्याचं मरणच खोटं ठरलं. वहिनीला आधीच सांगा की हा कागदांचा निकाल आहे. दुसरं म्हणजे दादाच्या बँकेचं पासबुक काढा आणि दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर तो पंतप्रधान जीवन ज्योती विमा आहे, २ लाखांचा, आणि आत्महत्येतही तो मिळतो. कित्येकांना खात्यातून कापून गेलेल्या या पैशांचा पत्ताच नसतो. आयुर्विम्याची पॉलिसी असेल आणि ती सुरू होऊन १२ महिन्यांहून जास्त झाले असतील, तर आत्महत्येच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. एजंट काहीही म्हणो. अपघात विम्याचं मात्र यात काही मिळत नाही, तिथं हेलपाटे घालू नका.

आता तुमचा फोन.

"तुमची काही चूक नाही" असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला पन्नास जणांनी सांगून झालं असेल आणि उपयोग शून्य झाला असेल. उचलला असता तर काय झालं असतं? कदाचित ती रात्र निघून गेली असती. कदाचित त्यानं सोयाबीनच्या बियाण्याचं बोलून फोन ठेवला असता. असंही खूपदा होतं. हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही कधी कळणार नाही, आणि त्या न कळण्यासकट राहायला शिकणं हेच यातलं खरं दुखणं आहे. पण एक गोष्ट नक्की सांगू शकते. साडेनऊला तुम्ही जे पाहिलं ते "दादाचा फोन, नंतर करते" एवढंच होतं. त्या फोनचा अर्थ तुम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाला. सकाळी कळलेल्या गोष्टीवरून तुम्ही रात्रीच्या स्वतःला दोषी धरताय.

मी भेटलेल्या प्रत्येक घरात असा एक 'तो फोन' असतो. एका बापानं मोबाइलसाठी पैसे नाकारले होते. एक बायको रक्षाबंधनाला माहेरी गेली होती. एका मित्रानं चेष्टा केली होती. शेवटच्या २४ तासांतलीच गोष्ट आपण धरून बसतो, कारण तिला हात पोहोचतो. त्याच्या मागची तीन नापिकीची वर्षं, महिनोन्‌महिने उडालेली झोप, दारू वाढलेली असेल तर ती, कोणालाच न सांगितलेलं कर्ज, आणि हे सगळं अंगावर घेऊन बसलेला मनाचा आजार, या कशालाच हात पोहोचत नाही. सरकारी आकडेवारीचीही हीच खोड. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या मोजल्या. त्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६, आणि आपल्या राज्यातले शेतकरी-शेतमजूर ४,२४८. पुढे कारणांचे रकाने: कौटुंबिक, आजार, कर्ज. एका माणसाला एक रकाना. इतकं नेटकं कारण असलेला मृत्यू मी आजवर पाहिलेला नाही.

आई तुमच्यावर राग काढते, कारण राग काढण्याजोगं दुसरं कोणी उरलं नाही. गेलेल्या मुलावर रागवायची तिला हिंमत होत नाही, आणि राग तर आहे. तुम्हालाही असेल. दादावर राग येणं हे पाप नाही. "आम्हाला असं टाकून कसा गेलास" हे रडण्याइतकंच प्रेमाचं आहे. आईशी फोनबद्दल वाद घालू नका, खुलासा देऊ नका. तिच्याजवळ बसून एकदा म्हणा, "मलाही तेच वाटतं, आई. रोज वाटतं." बघा काय होतं.

गावात आणखी एक चालू झालं असेल: अपमृत्यू आहे, आत्मा अडकलाय, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा नाहीतर घराण्यात परत होईल. माझा स्वतःचा यावर विश्वास नाही. पण आईला त्यानं शांत झोप लागणार असेल तर मी आडवी येत नाही. अट एकच, त्यासाठी कर्ज काढायचं नाही. आणि "घराण्यात परत होईल" हे वाक्य पोराच्या कानावर पडू द्यायचं नाही.

तो पोरगा. ७ वर्षांच्या मुलाला हार्ट अटॅक सांगितलाय, पण शाळेत ४० मुलं आहेत आणि त्या ४० घरांत ही गोष्ट जेवताना बोलली गेलीय. मागे एक नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. आई बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "मला माहीत आहे पप्पांचं. आईला सांगू नका मला माहीत आहे, ती रडंल." एक वर्ष ती ते एकटीनं सांभाळत होती. तुमच्या पुतण्यालाही बहुधा काहीतरी माहीत आहे, अर्धवट आणि चुकीचं.

वहिनी जरा स्थिर झाली की दोघींनी मिळून सांगा. थोडक्यात, दिवसाउजेडी, घरातच. "बाबाच्या मनाला मोठा आजार झाला होता. डोकं दुखतं तसं मन दुखत होतं. त्यात त्यानं स्वतःच आपला जीव संपवला. आम्ही आधी तुला वेगळं सांगितलं, कारण आम्हालाच सांगवत नव्हतं." कसं केलं याचा तपशील नको; विचारलं तर "ते तू मोठा झालास की सांगू" म्हणायचं आणि शब्द पाळायचा. आणि एक वाक्य विसरायचं नाही: "तुझ्यामुळे नाही." त्या वयात जगात जे होतं ते आपल्यामुळे होतं असं वाटतं. त्या दिवशी त्यानं गृहपाठ केला नसेल, बाबा ओरडला असेल, तर त्यानं मनात जोडणी केव्हाच केलेली असते. "देवाला आवडला" म्हणू नका. पोरं देवाला घाबरायला लागतात. तो ऐकून कदाचित लगेच "मी खेळायला जाऊ?" म्हणेल. जाऊ द्या. दोन दिवसांनी आंघोळ करताना परत विचारेल. पाच-सहा वेळा विचारेल. दर वेळी तेच उत्तर.

आणि तुम्ही? पत्रात तुम्ही तुमच्या झोपेबद्दल, जेवणाबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. आत्महत्येनं माणूस गमावलेल्यांमध्ये तसेच विचार येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि यात बहीणही येते. वहिनीला विचाराल तो प्रश्न आरशासमोर स्वतःलाही विचारा. पुण्यात आहात तर कनेक्टिंग ही संस्था तिथं याच विषयात काम करते, तिथं जाऊन बसा. काही बोललं नाही तरी चालतं.

श्रावण संपता संपता पोळा येईल आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. दादा पोराचा लाकडी बैल दरवर्षी रंगवत असणार, आपल्याकडे बापच रंगवतो. या वर्षी तो माळ्यावरून काढायचा की नाही, हे घरात कोणी बोलणार नाही आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच असेल. त्या दोन दिवसांची रजा आत्ताच टाका. जाताना रंगाच्या दोन डब्या घेऊन जा. पोराला विचारा, शिंगं कोणत्या रंगाची करायची. नको म्हणाला तर डब्या ठेवून द्या, पुढच्या वर्षी कामाला येतील.